गॉबनित या आयरिश नावाचा अर्थ: मधमाशी, लोहार की ‘पित्याचा आनंद’?

ओवीकार

एका आयरिश घराण्याच्या वंशावळीवरचा मजकूर मराठीत आणायचं काम हाती आहे. घराणं कॉर्क परगण्याच्या पश्चिम भागातलं. त्यात एका बाईचं नाव अडलं आहे. आयरिश स्पेलिंग जी-ओ-बी-एन-ए-आय-टी. इंटरनेटवर या एकाच नावाचे तीन अर्थ सापडतात: ‘मधमाशी’, ‘लोहार’ आणि ‘पित्याचा आनंद’. तिन्ही एकाच वेळी खरे कसे असतील?

दुसरी अडचण अशी. 1874 च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत हे नाव लॅटिन वळणानं ‘गॉबनेटा’ आहे, 1911 च्या जनगणनेत त्याच घरात ‘अबिगेल’ दिसते आणि थडग्यावर ‘डेबोरा’ कोरलेलं आहे. ही एकच बाई की तीन?

आणि देवनागरीत काय लिहावं? गोबनैट, गॉबनेट, गोब्नाइट असे पर्याय मनात आहेत, पण एकही पटत नाही. नावाचा उच्चार, अर्थ आणि नोंदी, तिन्हीबद्दल जाणकारांनी सांगावं.

धातुपाठ

अर्थापासून सुरू करतो. नावाचा अर्थ लोहाराशी जोडलेला आहे. मधमाशी त्या नावाच्या संत स्त्रीच्या कथेतून आली आणि ‘पित्याचा आनंद’ हा तर दुसऱ्याच नावाचा अर्थ आहे.

जुन्या आयरिशमध्ये लोहाराला ‘गॉबे’ म्हणत. आजच्या आयरिशमध्ये तो शब्द जी-ए-बी-एच-ए असा लिहितात, उच्चार ‘गाउ’च्या जवळ जातो. वेल्शमध्ये लोहार म्हणजे ‘गोव’. आयरिश पुराणकथांतला देवांचा लोहार गॉइब्निउ, वेल्श कथांतला गोवानन, आणि ज्युलियस सीझरनं उल्लेख केलेला, गॉल टोळ्यांचा नेता वेर्किंगेटोरिक्स याचा काका गोबान्नितिओ ही सगळी याच धातूची पिलावळ. मॅकगॉवन हे आडनावही त्यातलंच, म्हणजे ‘लोहाराचा मुलगा’. आपल्याकडच्या लोहारे, लोहार या आडनावांसारखं.

आता शेवटचा ‘-नित’. हा आयरिशमधला स्त्रीलिंगी लघुत्वदर्शक प्रत्यय आहे, जुन्या लेखनात ‘-नत’. पुरुषांच्या नावांना ‘-आन’ लागतो आणि बायकांच्या नावांना ‘-नत’ किंवा ‘-नित’. जोड्या लावून पाहिलं की लगेच ध्यानात येतं: ‘किअर’ म्हणजे काळासावळा, त्यावरून किअरान आणि किअरनित. ‘डाव’ म्हणजे बैल किंवा सांबर, त्यावरून डावान आणि डॅवनित (हीच पुढे युरोपभर डिम्फ्ना म्हणून ओळखली गेली). ‘ब्लाह’ म्हणजे फूल, त्यावरून ब्लाहनित. तसंच गोबान आणि गॉबनित. मराठीत अगदी जवळ जायचं तर ‘लहानगी लोहारीण’ म्हणावं लागेल, फक्त ‘लोहाराची बायको’ हा अर्थ त्यातून वगळून.

‘पित्याचा आनंद’ हा अबिगेल या हिब्रू नावाचा अर्थ. इंग्रजीतून कारभार सुरू झाल्यावर आयरिश नावांना इंग्रजी वळणाची जोडनावं ठरून गेली. पाद्री, कारकून, शाळामास्तर तीच लिहीत. गॉबनितच्या वाट्याला अबिगेल, अ‍ॅबी, अबाइना, डेबोरा, गबी अशी नावं आली. यातल्या अबिगेलचा अर्थाशी काही संबंध नाही. नावं जुळवणाऱ्या संकेतस्थळांनी ‘गॉबनित = अबिगेल’ हे समीकरण उचललं आणि अबिगेलचा अर्थ गॉबनितला चिकटवून दिला. आयरिश नावांच्या बाबतीत ही चूक वारंवार होते. सोर्खा म्हणजे ‘तेजस्वी’, पण तिला सेरा हे जोडनाव मिळालं म्हणून ‘राजकन्या’ हा सेराचा अर्थ तिच्या नावावर खपवलेला सर्रास दिसतो. तेव्हा कुठल्याही आयरिश नावाचा अर्थ शोधताना आधी बघावं, की हा अर्थ त्या नावाचा आहे की त्याच्या इंग्रजी जोडनावाचा.

डेबोराची गोष्ट थोडी वेगळी. हिब्रूत ‘देवोरा’ म्हणजे चक्क मधमाशी, आणि संत गॉबनित मधमाश्यांची रक्षणकर्ती. हे जोडनाव अर्थ पाहून बसवलेलं दिसतं. पण तो अर्थ संतेच्या कथेचा आहे, शब्दाचा नाही.

स्वरभार

उच्चाराबद्दल लिहिते.

स्पेलिंगमधला ‘ए-आय’ हा ‘ऐ’ नाही आणि ‘आइ’ही नाही. आयरिश लेखनात प्रत्येक व्यंजन ‘रुंद’ किंवा ‘चिंचोळं’ असतं आणि ते शेजारच्या स्वरावरून कळतं. ए, ओ, यू शेजारी असले तर रुंद. ई, आय शेजारी असले तर चिंचोळं. इथला ‘ए’ सांगतो की आधीचा ‘न’ रुंद आहे आणि ‘आय’ सांगतो की पुढचा ‘त’ चिंचोळा आहे. म्हणजे ही दोन अक्षरं मुख्यतः व्यंजनांची खूण म्हणून आली आहेत. प्रत्यक्षात तिथे एक अगदी आखूड, आघात नसलेला ‘इ’ ऐकू येतो. आघात पहिल्या अवयवावर. त्यामुळे गोबनैट आणि गोब्नाइट दोन्ही बाद.

शेवटच्या ‘टी’साठी आपण इंग्रजीच्या सवयीनं ‘ट’ लिहितो. आयरिश रुंद ‘टी’ दंत्य आहे, जीभ दातांना लागते, म्हणजे आपल्या ‘त’च्या जवळ. चिंचोळा ‘टी’ कॉर्क-केरी भागात ‘त्य’कडे झुकतो, तर कॉनमारा आणि डोनेगलकडे ‘च’सारखा वाटतो. तुमचं घराणं कॉर्कचं आहे, तेव्हा ‘गॉबनित’ लिहा. ‘ब’ला हलन्त द्यायची गरज नाही. मराठी वाचक ‘गॉबनित’ वाचताना ‘ब’मधला ‘अ’ आपोआप गाळतो. पहिला स्वर काही तोंडी ‘अ’कडे सरकलेला ऐकू येईल, गबी हे लाडाचं नाव त्यातूनच आलं.

अनुवादात खरी फसगत होते ती नावाचं रूप बदलतं तेव्हा. आयरिशमध्ये हाक मारताना नावाआधी ‘अ’ येतो आणि पहिलं व्यंजन मऊ पडतं: ‘अ ग़ॉबनित’. लिहिताना जी पुढे एच येतो. हा ‘घ’ नाही. घशातून घासून येणारा ‘ग़’ आहे, उर्दूतल्या ‘ग़ज़ल’मधल्यासारखा. षष्ठीत नाव आणखी बदलतं: ‘ग़ॉबनतन’. संत गॉबनितच्या विहिरीचं नाव ‘तबर ग़ॉबनतन’, सणाचं ‘लॉ एले ग़ॉबनतन’. जुन्या कागदात ‘ग़ॉबनतन’ दिसलं की ती दुसरी कोणी बाई समजू नका. ते ‘गॉबनितचं’ आहे. म्हणून मराठीत ‘ग़ॉबनतनची विहीर’ लिहिलं तर षष्ठी दोनदा होते. ‘गॉबनितची विहीर’ लिहावं.

सगळ्या मजकुरात एकच रूप ठेवा आणि पहिल्या उल्लेखात मूळ स्पेलिंग अक्षरशः द्या. या नावात दीर्घ स्वराची तिरकी रेघ कुठेच नाही, त्यामुळे संगणकात अक्षर गळण्याची भीती नाही. ‘ओर्ला’ किंवा ‘शोन’सारख्या नावांना तो त्रास कायमचा असतो.

ओवीकार

फार उपयोगी. धातुपाठ, एक शंका. आजचा लोहार ‘गाउ’ असेल आणि मॅकगॉवनमध्येही ‘ब’ ऐकू येत नसेल, तर गॉबनितमध्ये तो ठणठणीत कसा उरला? आणि मधमाश्यांची कथा नेमकी काय आहे? मूळ मजकुरात ‘नऊ हरणं’ असाही उल्लेख आहे, तोही उलगडला नाही.

धातुपाठ

प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. ‘गॉबे’मधला ‘ब’ जुन्या आयरिशमध्येच मऊ झालेला होता, ‘व’सारखा, आणि पुढे तो विरघळला. पण लाडाच्या, घरगुती नावांत व्यंजन दुप्पट करायची तिथे रीत होती. गोबान हे नाव जुन्या लेखनात दोन ‘बी’ घालून ‘गोब्बान’ असं येतं. दुप्पट झालेलं व्यंजन मऊ पडत नाही, म्हणून ‘ब’ शाबूत राहिला. आपल्याकडे लाडात पप्पू, बब्बू होतं त्याच जातीचं हे. डॅवनितमध्ये तसं दुपटीकरण नाही, म्हणून तिथे ‘व’ उरला. दोन्ही नावं शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो.

‘गॉब’ म्हणजे आयरिशमध्ये चोच, तोंड. त्यावरून नाव लावणारेही भेटतात. ‘-नित’ जोडून चोचीचं नाव ठेवण्याला काही आधार नाही, आणि गोबान-गॉबनित ही जोडी समोर असताना तिकडे जायचं कारणही नाही.

एक भर घालतो. आयरिश नावांत मध हवाच असेल तर तो मेव्ह या बाईच्या नावात आहे. जुनं रूप मेद्व, अर्थ ‘मद आणणारी’. मधापासून केलेल्या मद्याला जुन्या आयरिशमध्ये ‘मिद’ म्हणत. तो शब्द आणि आपला ‘मधु’ एकाच मुळातून आले आहेत.

मोहोळ

कथा आणि जागा यांबद्दल.

परंपरा गॉबनितला सहाव्या शतकात ठेवते. ती मूळची क्लेअरकडची. घरातल्या वैरामुळे पळून अरान बेटांपैकी इनिश ईर या सर्वांत लहान बेटावर गेली. तिथे तिच्या छोट्या चर्चचे अवशेष आजही आहेत. देवदूतानं तिला सांगितलं की तुझं अखेरचं ठिकाण हे नव्हे, जिथे नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे थांब. क्लॉनड्रोहिडला तीन दिसली, बॅलीमकीराला सहा, आणि बॅलीवर्नीला नऊ. तुमच्या मजकुरातली नऊ हरणं ही. ही तिन्ही ठिकाणं कॉर्कच्या पश्चिमेला एकाच टापूत आहेत, त्यामुळे घराणं तिथलं असेल तर मुलींत हे नाव दर पिढीत येणं साहजिक आहे. वॉटरफर्ड आणि केरीमध्ये किलगॉबनेट नावाच्या जागा आहेत, अर्थ ‘गॉबनितचं चर्च’. केरीच्या पश्चिम टोकाला डून ख्वीनलाही तिची जागा आहे.

मधमाश्यांची कथा अशी: गुरं पळवणारे लुटारू आले तेव्हा तिनं मोहोळ त्यांच्यावर सोडलं आणि गुरं परत मिळवली. कॉर्कच्या विद्यापीठातल्या होनन चॅपेलमध्ये हॅरी क्लार्कनं काचचित्रांच्या खिडक्या केल्या. त्यातली गॉबनितची खिडकी या प्रसंगावर आहे: निळ्या वस्त्रातली फिकट चेहऱ्याची गॉबनित, भोवती माश्या आणि पळणारी माणसं. आयर्लंडमधल्या काचचित्रांत इतकी जिवंत खिडकी क्वचितच सापडेल. तुमच्या मजकुराला चित्र जोडायचं असेल तर हेच सुचवेन.

मग लोहार कुठे गेला? तो जमिनीखाली सापडला. बॅलीवर्नीला ‘गॉबनितचं घर’ म्हणून दाखवतात त्या गोलाकार दगडी वास्तूचं उत्खनन एम. जे. ओ’केली यांनी 1951 साली केलं. तिथे लोखंडाच्या कामाचे भरपूर पुरावे निघाले, भट्टीचे खड्डे आणि लोहकीट. म्हणजे ज्या नावात लोहार आहे त्याच नावाच्या जागेवर लोहारकाम चाललं होतं. यावरून ती बाई स्वतः लोहारकाम करायची असं म्हणता येत नाही. लोहारांचं जुनं दैवत संतेच्या रूपात उरलं, असाही तर्क काही अभ्यासक करतात. अनुवादात हे तर्क म्हणूनच ठेवा. पण अर्थाच्या बाजूनं ओ’केलींची भट्टी हा मला फार मोलाचा पुरावा वाटतो.

सण 11 फेब्रुवारीला. इसवी सन 800 च्या सुमाराला रचलेल्या संतांच्या आयरिश पद्यपंचांगात याच तारखेला ‘गॉबनत’ हे नाव येतं, म्हणजे नाव आणि तारीख दोन्ही चांगली जुनी आहेत. त्या दिवशी बॅलीवर्नीच्या चर्चमध्ये तिची मध्ययुगीन लाकडी मूर्ती बाहेर काढतात. लोक घरून फीत घेऊन येतात, मूर्तीच्या लांबीवर धरतात, मग तिच्याभोवती गुंडाळतात आणि ती फीत वर्षभर आजारपणासाठी जपून ठेवतात. या फितीला ‘गॉबनितचं माप’ म्हणतात. मजकुरात ‘माप’ असा शब्द आला तर मोजपट्टी समजू नका.

तिथे फेऱ्याही घालतात, घर, थडगं, जुनं चर्च, विहीर अशा. फेरी नेहमी उजव्या हातानं, ‘जेशल’. त्यातला ‘जेश’ म्हणजे उजवा आणि दक्षिणेकडचाही. आपला ‘दक्षिण’ त्याच मुळाचा आणि त्याच दोन अर्थांचा, म्हणून इथे ‘प्रदक्षिणा’ हा शब्द बिनधास्त वापरावा.

दप्तरी

गॉबनेटा, अबिगेल, डेबोरा ही एकच बाई असू शकते. पण केवळ नावं जोडीची आहेत एवढ्यावर तसं ठरवू नका. पडताळा असा करा.

आधी 1874 ची सरकारी जन्मनोंद शोधा. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद 1864 पासून आहे आणि शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींच्या प्रतिमा सरकारी वंशावळ संकेतस्थळावर मोफत दिसतात. तिथे नाव ‘अबिगेल’ किंवा ‘अ‍ॅबी’ असण्याचा संभव जास्त, कारण बाप्तिस्मा पाद्री लॅटिनमध्ये लिहायचा आणि जन्म निबंधक इंग्रजीत. महत्त्वाचं आहे आईचं माहेरचं आडनाव आणि वाडीचं नाव. ही दोन जुळली तर मुलीचं नाव वेगळं दिसलं तरी ती तीच. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची दिसली तर गोंधळू नका. उशिरा नोंद करणाऱ्याला दंड होता, म्हणून आईबाप जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख खरी धरावी.

शोधताना पूर्ण नाव टाकू नका. पहिली तीन अक्षरं आणि पुढे तारांकन: जी-ओ-बी, मग जी-यू-बी, मग ए-बी, मग डी-ई-बी. चारही वेळा आडनाव आणि परगणा तोच ठेवा. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या साधारण 1880 पर्यंतच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पानंच्या पानं पाहता येतात, पण तिथे नावानं शोध लागत नाही, महिना काढून डोळ्यांनी वाचावं लागतं.

त्यानंतर 1901 आणि 1911 ची जनगणना. त्याआधीचे घरोघरचे तक्ते जवळजवळ उरलेच नाहीत. काही सरकारनंच नष्ट केले, काही 1922 साली डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत गेले. तेव्हा 1880-90 मध्ये ती कुठे होती हे जनगणनेतून काढायचा प्रयत्न करू नका. 1911 च्या तक्त्यात विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलं आहे. लग्नाची वर्षं वजा करा, विवाहनोंद त्या वर्षाच्या मागेपुढे शोधा, तिथे वडिलांचं नाव मिळेल. ते 1874 च्या नोंदीतल्या बापाशी जुळलं पाहिजे. वयावर मात्र विसंबू नका. 1908 च्या कायद्यानं सत्तरीच्या वर पेन्शन सुरू झालं आणि 1901 ते 1911 या दहा वर्षांत कित्येक म्हातारी माणसं पंधरा वर्षांनी वाढली. तुमच्या बाईच्या आईचं वय तपासताना हे ध्यानात ठेवा.

सर्वांत मोठा सापळा पुढेच आहे. त्या काळी नावं ठेवायची सर्वसाधारण रीत अशी: पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. आजी गॉबनित असेल तर तिच्या प्रत्येक मुलामुलीच्या घरी एक गॉबनित येणार, म्हणजे एकाच वाडीत, एकाच आडनावाच्या तीन-चार चुलत बहिणी एकाच नावाच्या. त्यांच्यात फरक करायला लोक एकीला अ‍ॅबी आणि दुसरीला डेबी म्हणत असतील, तर तुमची अबिगेल आणि थडग्यावरची डेबोरा या दोन बहिणीही असू शकतात. 1911 च्या त्याच तक्त्यात दोन्ही नावं एका छताखाली आहेत का ते आधी पाहा. असली तर प्रश्न तिथेच मिटला, त्या दोघी वेगळ्या. नसली तर मृत्युनोंद काढा. त्यात वय, व्यवसाय आणि मृत्यूची खबर देणाऱ्याचं नाव असतं. खबर देणारा मुलगा किंवा सून 1911 च्या घरात भेटली की साखळी पूर्ण झाली. थडग्यावरच्या नावाला सर्वांत कमी वजन द्या, ते पुढच्या पिढीनं घालून घेतलेलं असतं.

अनुवादात तीन नावं एकत्र करू नका. ज्या कागदात जे आहे ते तसंच ठेवा आणि पहिल्यांदा ‘गॉबनित (कागदोपत्री अबिगेल)’ असं जोडा.

स्वरभार

दप्तरी यांच्या मुद्द्याला उलट बाजूचं एक उदाहरण. अल्बिनिया ब्रॉड्रिक ही 1861 साली लंडनमध्ये, सरदार घराण्यात जन्मलेली बाई. तिनं आयरिश राष्ट्रवाद स्वीकारला, केरीत राहायला गेली आणि नाव घेतलं गॉबनित नी व्रूअदर. म्हणजे इथे इंग्रजी नावावरून आयरिश नाव झालं. अल्बिनिया आणि अबाइना यांच्या उच्चारातलं साम्य त्यामागे असावं असं मला वाटतं. तिचा सख्खा भाऊ सेंट जॉन ब्रॉड्रिक 1903 ते 1905 या काळात ब्रिटिश सरकारचा भारतमंत्री होता, म्हणजे बंगालच्या फाळणीच्या वेळचा.

‘नी’बद्दलही सांगून ठेवते, कारण वंशावळीत ते येणारच. लग्नाआधी मुलीच्या आडनावात ‘ओ’च्या जागी ‘नी’ आणि ‘मॅक’च्या जागी ‘निक’ येतं, पुढचं व्यंजनही बहुतेक वेळा मऊ पडतं. भावाचं आडनाव ‘ओ’नं सुरू होत असेल आणि बहिणीचं ‘नी’नं, तर घराणं एकच आहे.

ओवीकार

1911 चा तक्ता पुन्हा उघडून पाहिला. घरात अबिगेल एकच आहे, डेबोरा नाही. लग्नाला 14 वर्षं लिहिली आहेत, तेव्हा विवाहनोंद 1896-97 मध्ये शोधते. ‘गॉबनित’ हेच रूप कायम करते.

दप्तरी

1898 पर्यंतची पानंही चाळा. लग्नाची वर्षंही अंदाजानं सांगितलेली असतात. आणि विवाहनोंदीत तिचं नाव ‘अबाइना’ दिसलं तर पान उलटू नका, आधी वडिलांचं नाव वाचा.